फुरोशिकी : परत येणाऱ्या वेष्टनाची कुळकथा

जपानमधल्या नारा शहरात, तोदाइजी या बौद्ध मंदिराच्या आवारात, शोसोइन नावाचं लाकडी कोठार आहे. त्रिकोणी छेदाचे ओंडके एकावर एक रचून बांधलेलं आणि जमिनीला न टेकता उंच खांबांवर उभं. सम्राट शोमू 756 मध्ये वारला. त्याच्या वापरातल्या सहाशेहून अधिक वस्तू सम्राज्ञी कोम्यो हिने मंदिरातल्या महाबुद्धाला अर्पण केल्या आणि त्या या कोठारात ठेवल्या गेल्या. वाद्यं, आरसे, शस्त्रं, रेशमी वस्त्रं असं वैभव तिथे आहे. पण त्याच कोठारात काही साधी कापडंही टिकून राहिली. भिक्षूंची वस्त्रं आणि नृत्यनाट्यांचे पोशाख बांधून ठेवायची ही कापडं. काहींना बांधायला बंद शिवलेले, काहींवर आत काय आहे ते शाईने लिहिलेलं.

आज ज्या चौरस कापडाला जगभर ‘फुरोशिकी’ म्हणून ओळखतात, त्याचे सर्वांत जुने पूर्वज हे. भेटवस्तू घरच्या घरी सुंदर कशी बांधावी, असा विषय निघाला की हल्ली या कापडाचं नाव हमखास येतं. त्याच्या गाठींच्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही लोक वाढदिवसाची पुस्तकं, दिवाळीचे फराळाचे डबे त्या पद्धतीने बांधू लागले आहेत. पण फुरोशिकीचं सौंदर्य केवळ तिच्या गाठीत नाही. भेट पोचल्यावर वेष्टनाचं काय होतं, या प्रश्नाचा विचार त्या कापडाने शतकानुशतकं केला आहे. चकचकीत कागदाच्या नादात आपण तो प्रश्न विसरलो, म्हणून ही कुळकथा नीट सांगावीशी वाटते.

स्नानगृहातलं नाव

नारा काळात अशा कापडाला नुसतं ‘त्सुत्सुमी’, म्हणजे गुंडाळायची वस्तू, असं म्हणत. पुढच्या हेइआन काळात कपडे बांधून न्यायची रीत रुळली. ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिराशी निगडित असलेल्या बाराव्या शतकातल्या पंख्याच्या आकाराच्या सूत्रपोथीत डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन निघालेली बाई चितारलेली आहे. धुण्याचं बोचकं डोक्यावर घेतलेली बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते चित्र परकं वाटणार नाही.

आजचं नाव मात्र स्नानाशी जोडलेलं आहे. ‘फुरो’ म्हणजे स्नान आणि ‘शिकी’ म्हणजे अंथरण्याची वस्तू. यामागची परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी : मुरोमाची काळातला तिसरा शोगून, म्हणजे लष्करी सत्ताधीश, अशिकागा योशिमित्सू (1358–1408) याने क्योतोतल्या आपल्या वाड्यात मोठं स्नानगृह बांधलं आणि आपल्या सरदारांना तिथे बोलावलं. एवढे सगळे जण एकाच वेळी कपडे उतरवणार, तेव्हा कोणाचे कोणते हे कळायचं कसं? म्हणून प्रत्येकाने आपल्या घराण्याचं चिन्ह असलेल्या कापडात कपडे बांधून ठेवले. स्नान झाल्यावर तेच कापड जमिनीवर अंथरायचं, त्यावर उभं राहून अंग कोरडं करायचं आणि कपडे चढवायचे.

कागदोपत्री हा शब्द दिसतो तो 1616 मध्ये. त्या वर्षी तोकुगावा इएयासू वारला. एदोच्या शोगूनशाहीचा हा संस्थापक. सुम्पू इथल्या त्याच्या मालमत्तेची वाटणी करताना जी यादी झाली, तिच्यात कोकुराच्या सुती कापडाच्या फुरोशिकीची नोंद आहे. देश जिंकणाऱ्या माणसाच्या वारशात हे कापड नोंदवण्याजोगं मानलं गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एदोच्या रस्त्यावर

सरदारांच्या वाड्यातून हे कापड सामान्य माणसाच्या हाती आलं ते एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत. तिथे 1591 मध्ये पहिलं सार्वजनिक स्नानगृह सुरू झालं. पुढे शहर वाढलं, तशी गल्लोगल्ली अशी स्नानगृहं झाली. लाकडी घरांत आगीच्या भीतीने स्वतंत्र न्हाणीघर ठेवणं बहुतेकांना शक्य नव्हतं, त्यामुळे सगळं गाव सार्वजनिक स्नानगृहात जाई. जाताना बदलायचे कपडे कापडात बांधलेले आणि येताना त्याच कापडात ओले कपडे. त्याच सुमाराला जपानमध्ये कापसाची लागवड पसरली आणि सुती कापड परवडू लागलं. मग हा रुमाल घराघरात आला.

एकदा घरात आल्यावर तो स्नानापुरता राहिला नाही. व्यापाऱ्यांनी तो उचलला. तोयामाचे औषधविक्रेते गावोगाव हिंडत. विणलेल्या पेट्या एकावर एक रचून, मोठ्या फुरोशिकीत बांधून त्या पाठीवर घेत. घरोघरी औषधांचा संच ठेवून जायचा, पुढच्या फेरीत जेवढं वापरलं गेलं तेवढ्याचेच पैसे घ्यायचे आणि संच पुन्हा भरून द्यायचा, अशी त्यांची विश्वासावरची पद्धत होती. शहरातल्या कापडदुकानांनी फुरोशिकीवर आपलं चिन्ह रंगवलं आणि ते कापड पाठीवर घेऊन फिरणारा नोकर ही दुकानाची चालती जाहिरात झाली.

एदोला आगींचा शाप होता. 1657 च्या महाभयंकर आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि त्यानंतरही लहानमोठ्या आगी लागतच राहिल्या. म्हणून लोक रात्री गादीखाली मोठी फुरोशिकी अंथरून झोपत असं सांगतात. घंटा वाजली की गादीसकट हाताला येईल ते चार टोकांत बांधायचं आणि पळायचं. हिरव्या कापडावर पांढऱ्या वेलीची ‘कराकुसा’ नक्षी असलेल्या फुरोशिकीचीही अशीच लोककथा आहे. वेल सगळ्या दिशांना पसरते, तुटत नाही, म्हणून ही नक्षी दीर्घायुष्य आणि भरभराटीचं चिन्ह. मेइजी काळात हे कापड इतकं स्वस्त आणि सर्वत्र झालं की प्रत्येक घराच्या कपाटात ते असायचंच. चोर म्हणे रिकाम्या हाती यायचा, घरातलीच फुरोशिकी काढून घरातलंच सामान बांधायचा आणि निघून जायचा. जपानी व्यंगचित्रांतला चोर आजही पाठीवर हिरव्या वेलीचं बोचकं घेऊन पळताना दिसतो.

याच कापडाचा एक मंगल अवतारही होता. मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर जाणाऱ्या कपड्यांसाठी निळीत रंगवलेल्या मोठ्या फुरोशिकी तयार करून घेत. भाताची खळ निमुळत्या नळीतून सोडून कापडावर नक्षी रेखायची, मग कापड निळीत बुडवायचं. खळीखालचा भाग पांढरा राहायचा. त्यावर घराण्याचं चिन्ह असे आणि सारस, कासव, पाइन, बांबू, आलुबुखाराचा मोहर अशी शुभचिन्हंही असत. मुलगी सासरी गेल्यावर हे कापड पुढे वर्षानुवर्षं वापरात राही.

या कथेत हिंदुस्थानाचाही एक धागा आहे. गोव्याहून मलाक्का आणि मकाऊमार्गे नागासाकीला जाणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून, आणि पुढे डचांच्या जहाजांतून, गुजरात आणि कोरोमांडेल किनाऱ्यावरचं रंगीत छापील सुती कापड जपानात पोचलं. जपान्यांनी त्याला ‘सारासा’ म्हटलं. एवढा पक्का लाल रंग सुतावर तिथे कोणी पाहिला नव्हता. चहाविधी करणाऱ्या रसिकांनी या कापडाचे तुकडे मौल्यवान मानून त्यांतून चहाच्या भांड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि भांड्यांच्या पेट्या गुंडाळायचे रुमाल केले. हिकोनेच्या ई घराण्याने जमवलेले असे सुमारे 450 तुकडे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आपल्या किनाऱ्यावरचं कापड दुसऱ्या देशात वस्तू जपायच्या कामी आलं आणि तिथल्या लोकांनी तेही जपून ठेवलं.

पन्हा, तिरकस ताण आणि गाठ

फुरोशिकी ‘चौरस’ म्हणतात, पण ती नेमकी चौरस नसते. एक बाजू किंचित लांब असते, कारण ती मूळ ठाणावरून कापली जाते आणि वापरात कापड एका दिशेने जास्त ताणलं जातं. तिची मापंही पन्ह्यात सांगतात. किमोनोच्या कापडाचा एक पन्हा साधारण 34 ते 36 सेंटिमीटरचा. असे दोन पन्हे जोडले की सुमारे 70 सेंटिमीटरची फुरोशिकी होते आणि भेटवस्तूंसाठी हीच सर्वांत जास्त वापरली जाते. सुमारे 45 सेंटिमीटरची लहान फुरोशिकी पाकिटासाठी किंवा छोट्या डब्यासाठी, 90 ते 105 ची बाटल्या आणि मोठ्या पेट्यांसाठी, आणि गाद्या बांधायची तर दोन मीटरच्याही पुढे.

कापड नेहमी तिरकं ठेवतात, एक टोक आपल्याकडे करून. यामागे विणकराला ठाऊक असलेलं कारण आहे. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने कापड ताणत नाही, पण कर्णाच्या दिशेने ते ओढलं जातं. टोकांना धरून ओढताना कापड कर्णाच्या दिशेने ताणतं आणि वस्तूला अंगासरशी बसतं. कागदाला कोपरे असलेली पेटी लागते. कापडाला कलिंगडही चालतं, तांब्याही चालतो आणि पाच पुस्तकांची चळतही चालते. अंदाजाचा एक सोपा नियम आहे : वस्तूची लांबी कापडाच्या कर्णाच्या सुमारे एक तृतीयांश असावी. 70 सेंटिमीटरच्या कापडाचा कर्ण साधारण 99 सेंटिमीटर, म्हणजे तीसेक सेंटिमीटरचा खोका त्यात नीट बसतो.

या सगळ्याचा आधार एका गाठीत आहे. तिला ‘मा-मुसुबी’ म्हणतात. दोन टोकं एकदा एकमेकांत अडकवायची. मग दुसऱ्यांदा अडकवताना जे टोक पुढे आलं आहे, ते पुढूनच न्यायचं. गाठ बरोबर पडली तर दोन्ही टोकं आडवी, सरळ रेषेत राहतात. चुकली तर टोकं उभी राहतात. अशी उभी गाठ सैलही होते आणि दिसायलाही वाईट दिसते. बरोबर पडलेली गाठ कितीही ओझं उचललं तरी घट्टच होत जाते. पण सोडायची वेळ आली की एक टोक त्याच्याच बाजूच्या कापडासकट धरून सरळ रेषेत ओढायचं, म्हणजे दुसरं टोक त्यावरून अलगद निसटतं. बांधताना निरगाठ, सोडताना सुरगाठ, अशी ही एकच गाठ आहे. नखांनी उकलायची नाही, कात्रीही लागत नाही, त्यामुळे कापडाला कधी इजा होत नाही. एक रुमाल पिढ्यान् पिढ्या टिकतो, त्याचं रहस्य इथे आहे.

देण्याची रीत

फुरोशिकीत भेट घेऊन गेलेला माणूस ती तशीच हातात देत नाही. आत जाऊन बसल्यावर तो यजमानासमोर गाठ सोडतो, भेट बाहेर काढून त्याच्याकडे वळवून ठेवतो आणि कापडाची घडी घालून परत घेतो. कापड वाटेतली धूळ आणि नजर यांपासून भेटीला वाचवायला असतं आणि पोचल्यावर त्याचं काम संपतं. सर्वांत औपचारिक प्रसंगी तर गाठ मारतच नाहीत. नुसत्या चार घड्या घालतात. आनंदाच्या आणि दुःखाच्या प्रसंगी त्या घड्यांचा क्रम उलटा असतो, आणि जांभळा रंग दोन्हीकडे चालतो.

एदो काळात श्रीमंत घरांत भेटीच्या तबकावर ‘फुकुसा’ नावाचं रेशमी आच्छादन घालत. त्यावर जरीच्या आणि रेशमाच्या धाग्यांनी भरलेलं चित्र प्रसंगाला साजेसं निवडलेलं असे. घेणाऱ्याने आधी त्या भरतकामाचं कौतुक करायचं, चित्रातला संकेत ओळखायचा, मग भेट घ्यायची आणि फुकुसा परत करायचा, असा शिष्टाचार होता. कित्येकदा परत जाणाऱ्या तबकात छोटीशी वस्तूही ठेवली जाई.

कागदाचंही तिथे स्वतंत्र शास्त्र घडलं. भेटीचा कागद कसा दुमडावा याचे नियम सरदार घराण्यांत शिकवले जात. इसे सादाताके या जाणकाराने 1764 मध्ये ‘त्सुत्सुमी-नो-कि’ नावाचा ग्रंथच त्यावर लिहिला. भेटीच्या पाकिटावर वळलेल्या कागदाच्या दोऱ्या बांधतात, त्यांना ‘मिझुहिकी’ म्हणतात. शुभप्रसंगी लाल-पांढऱ्या, दुःखाच्या वेळी काळ्या-पांढऱ्या. जे वारंवार घडावं असं वाटतं, म्हणजे मूल जन्मणं, त्याला सुटणारी फुलगाठ. जे एकदाच घडावं, म्हणजे लग्न, त्याला न सुटणारी निरगाठ. आपण लग्नाच्या पाकिटावर एक रुपया चिकटवतो आणि रक्कम शून्यावर संपू देत नाही, त्याच भावनेची ही दुसऱ्या देशातली भाषा आहे.

शेजारच्या कोरियात ‘बोजागी’ या चौरस कापडाचा असाच मोठा संसार आहे. तिथल्या घरंदाज आणि गरीब दोन्ही घरांतल्या बायका कपडे शिवून उरलेल्या चिंध्या जोडून त्यांचे रुमाल करत. त्यांना ‘जोगाकबो’ म्हणतात. गोधडीसारखेच तुकड्यांचे, पण इतके पातळ की उजेडात धरले तर रंगीत काचेसारखे दिसतात.

आपल्याकडचे रुमाल

हे वाचताना मराठी माणसाच्या मनात आपली कापडं आल्याशिवाय राहत नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद चौकोनी कापडांत बांधून ठेवले गेले. त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात आणि संशोधक कागदपत्रांचा हिशेब आजही रुमालांतच सांगतात. देवघरातली पोथी लाल कापडात बांधलेली असते. लग्नाची कापडखरेदी म्हणजे ‘बस्ता बांधणं’. शेतावर जाणारी भाकरी फडक्यात बांधून जायची. वाण्याकडचा माल कागदाच्या पुडीत मिळायचा, आणि त्या पुडीचा सुती दोराही घरात गुंडाळून ठेवला जायचा. ओटीचा खण तर स्वतःच भेट असतो. त्याची त्रिकोणी घडी नारळाशेजारी ठेवली की वेगळं वेष्टन लागतच नाही.

आणि एक रीत अजून जिवंत आहे. शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही. त्यात साखरेचे चार दाणे का होईना, घालायचे. फुकुसाच्या परत जाणाऱ्या तबकामागचा विचार हाच. भांडं परत जातं म्हणून पुन्हा दार वाजतं, आणि देणंघेणं एका फेरीत संपत नाही.

फाडायचं वेष्टन

मग फाडून फेकायचा भेटकागद आला कुठून? भेट कागदात देण्याची रीत जुनी आहे. चीनमध्ये कागदाचा उपयोग लिहिण्याआधी गुंडाळायला होत होता आणि सोंग काळात दरबारी अधिकाऱ्यांना पैशांची बक्षिसं कागदी पाकिटांतून दिली जात. पण आज आपण ओळखतो तो रंगीत छापील भेटकागद अवघ्या शतकभराचा आहे, आणि त्याचा जन्म एका टंचाईतून झाला.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हॉल बंधूंचं भेटकार्डांचं दुकान होतं. पुढे हेच ‘हॉलमार्क’ म्हणून जगाला माहीत झालं. त्या काळी अमेरिकेत नाताळच्या भेटी पांढऱ्या, लाल वा हिरव्या पातळ टिश्यू कागदात गुंडाळत. 1917 च्या डिसेंबरात तो कागद संपला. दुकानात लिफाफ्यांच्या आतल्या अस्तरासाठी फ्रान्सहून आलेले नक्षीदार कागद पडून होते. रॉली हॉल याने ते दुकानातल्या कपाटावर मांडले, किंमत 10 सेंटला एक. बघता बघता संपले. पुढच्या वर्षी 25 सेंटला तीन अशा भावाने पुन्हा विकले, पुन्हा संपले. 1919 मध्ये हॉल बंधूंनी स्वतःचा भेटकागद छापायला सुरुवात केली. 1930 मध्ये मिनेसोटातल्या थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू याने पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आणली. मग दोरा, लाखेचा ठसा, गाठ या सगळ्याची गरज संपली. कागद कोणालाही दोन मिनिटांत चिकटवता येऊ लागला, आणि तो फाडल्याशिवाय उघडता येईना.

त्या कागदाने आनंद दिला, हे मान्यच. मुलाने कागद टराटरा फाडावा आणि आतलं खेळणं पाहून किंचाळावं, यात उत्सव आहे. पण त्या कागदावर चमकीचा किंवा प्लास्टिकचा थर चढला की त्याचा पुन्हा कागद होणं अवघड होतं. एका संध्याकाळच्या कार्यक्रमातून पिशव्या भरभरून असा कचरा निघतो. हे आपण सगळ्यांनीच कोणाच्या तरी मुंजीनंतर किंवा बारशानंतर आवरताना पाहिलेलं आहे.

जपानमध्येही दुसऱ्या महायुद्धानंतर तेच झालं. डिपार्टमेंट स्टोअरच्या कागदी पिशव्या आणि पाठोपाठ प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. लग्नातल्या पाहुण्यांना परतभेट फुरोशिकीत बांधून द्यायची पद्धत काही काळ टिकली, पण तरुणांना ती आजीच्या काळातली वाटू लागली. कपाटं फुरोशिकींनी भरलेली होती, पण हातांना गाठ येत नव्हती.

परतीचा प्रवास

केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांना 2004 चं शांततेचं नोबेल मिळालं. 2005 मध्ये त्या जपानला आल्या, तेव्हा त्यांना ‘मोत्ताइनाइ’ हा शब्द भेटला. चांगली वस्तू वाया गेल्यावर मनाला लागणारी हळहळ त्यात आहे. तो शब्द त्यांनी जगभर नेला. त्या प्रेरणेतून 2006 मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ‘मोत्ताइनाइ फुरोशिकी’ सादर केली. टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्यांची, आणि अठराव्या शतकातला चित्रकार इतो जाकुचू याच्या चित्रावरून घेतलेल्या नक्षीची. मंत्र्यांनी स्वतः गाठी मारून दाखवल्या. पुढे त्या तोक्योच्या राज्यपाल झाल्या. 2018 च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या नगरभवनासमोर गाठोड्याच्या आकाराचा एक मोठा मंडपच उभारून फुरोशिकीचं प्रदर्शन भरलं. 1 जुलै 2020 पासून जपानमधल्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीला पैसे द्यावे लागू लागले आणि पर्समध्ये घडी घालून ठेवलेला रुमाल पुन्हा कामाला आला. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आपणही कापडाकडे वळलो होतो. आपण कापड शिवून पिशव्या केल्या, जपानी लोकांनी ते न शिवता गाठ मारली.

आपल्या घरात

ही विद्या शिकायला जपानी रेशीम मागवावं लागत नाही. जुन्या मऊ सुती साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. एका सहावारीतून 110 सेंटिमीटरचे चार चौकोन आरामात निघतात. कडांना दुमडून टीप घातली की झालं. ओढणी, उपरणं, खणाचं कापड, धुऊन मऊ झालेला पंचा, सगळं चालतं. फार गुळगुळीत कृत्रिम रेशमाची गाठ निसटते आणि जाड जीनची गाठ फुगते, एवढं सांभाळायचं. सुंदर काठ असेल तर कापड असं ठेवावं की तो शेवटच्या टोकाला येईल आणि गाठीवर उमलेल.

पुस्तक किंवा मिठाईचा खोका असेल तर कापड तिरकं अंथरून वस्तू मधोमध ठेवावी. आपल्याकडचं टोक वर आणून वस्तूखाली सरकवावं, समोरचं टोक त्यावर आणावं, आणि उरलेल्या दोन टोकांची वर मा-मुसुबी मारावी. सरबताची किंवा मधाची बाटली असेल तर ती मधोमध उभी करून समोरासमोरची दोन टोकं तिच्या गळ्यावर बांधावीत. उरलेली दोन पाठीमागे एकमेकांना ओलांडून पुढे आणून गाठावीत. वरची टोकं पिळून पुन्हा बांधली की धरायला कडी होते. गोल वस्तू, म्हणजे नारळ, फणसाचे गरे भरलेलं पातेलं किंवा कुंडीतलं रोप असेल, तर शेजारशेजारच्या दोन टोकांची एक गाठ आणि समोरच्या दोन टोकांची दुसरी मारावी. मग एका गाठीचा फास दुसऱ्यातून ओढून घेतला की पिशवी तयार. गाठीत मोगऱ्याचं फूल, तुळशीची मंजिरी किंवा हाताने लिहिलेली चिठ्ठी खोचता येते. या सगळ्याला चिकटपट्टी आणि कात्री लागत नाही. मुलंसुद्धा एका दुपारी शिकतात.

एक गोष्ट मात्र आधी ठरवून बोलून टाकायला हवी : कापड परत घ्यायचं की तेही द्यायचं. जवळच्या माणसाला सांगावं, हा रुमाल मला परत दे, आणि देताना त्यात काहीतरी बांधून दे. दूरच्या पाहुण्याला सांगावं, हा आता तुमचा, पुढच्या वेळी तुम्ही कोणाला तरी यात बांधून द्या. दोन्हीकडे कापड कचऱ्यात जात नाही आणि त्याच्याबरोबर एक निरोपही फिरत राहतो. रिकामा डबा परत न पाठवणाऱ्या समाजाला हा नियम नव्याने शिकवावा लागणार नाही. भेटीच्या वेष्टनालाही तो लागू करायचा, एवढंच. या दिवाळीच्या फराळापासून सुरुवात करता येईल.